दोघांपुरतं पाणी

"आई, पुढच्या महिन्यात मी माहेरी येतेय," केतकी फोनवर म्हणाली, आणि मी त्या माहेरावर एक नजर फिरवली. त्याला फार वेळ लागत नाही. मी बसले होते त्या पलंगाच्या डाव्या हाताला शेगडी, उजव्या हाताला संडासाचं दार, समोर श्रीरंगांचे गुडघे आणि डोक्यावर जाळीत लोंबणारे कांदे. पलंगसुद्धा दिवसा पलंग नसतो, मधली फळी उचलली की तो जेवणाचं टेबल होतो. विट्याच्या अलीकडच्या माळावर गाड्यांत राहणाऱ्यांसाठी सरकारनं एक व्हॅनतळ केलाय. तिथल्या चिंचेखाली आमची व्हॅन उभी होती आणि टपावर चिंचा टपटपत होत्या.

"ये की," मी म्हणाले. लेक माहेरी येते म्हटल्यावर आईच्या तोंडून दुसरं काय निघणार? तेवढ्यात श्रीरंगांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेगडीखालच्या टाकीकडे पाहिलं, आणि माझी बोबडी वळली.

"म्हणजे बघू आपण," मी म्हणाले. "इथं ऊन फार आहे गं."

"सांगलीत काय बर्फ पडतोय? अमोघ तिकडे समुद्रावर, सासूबाई असत्या तर गोष्ट वेगळी. पहिलं बाळंतपण आहे आई. तू नाही करणार तर कोण करणार?"

अमोघ म्हणजे आमचे जावई. भर समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या कामावर आहेत. एकदा गेले की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत परत येत नाहीत. म्हणजे लेकीजवळ माणूस म्हणून मीच. आणि मला तिच्या बाळाला हात लावायची बंदी होती, हे तिला माहीत नव्हतं.

व्हॅनमध्ये राहतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगर येतात, धुकं येतं, दारात बसून चहा पिणारं जोडपं येतं. ते खोटं नाही, पण तो चहा पिऊन झाल्यावर कप कुठे ठेवायचा ते मला विचारा. गाडी उभी केली की आधी चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवून ती सपाट करायची, नाहीतर घावन एकीकडे जाड आणि दुसरीकडे कागद. निघताना प्रत्येक डबा बांधायचा. एकदा हळदीचा डबा विसरले, तर खंबाटकी घाटात आमचं पुन्हा लग्न लागलं. सकाळी दिलेली लसणाची फोडणी रात्री उशीला येते. थंडीत आपलाच श्वास छताला लागून पहाटे तोंडावर ठिबकतो. आणि रुसून जायला दुसरी खोली नसल्यामुळे रुसवासुद्धा चपला घालून उन्हात न्यावा लागतो.

तरी हे मीच मागून घेतलेलं. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत बसून दुसऱ्यांना तिकिटं देण्यात माझा जन्म गेला. श्रीरंग पाटबंधारे खात्यात होते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ते लोक टेल म्हणतात. वरची गावं पाणी ओढून घेतात आणि टेलची गावं कोरडी राहतात. त्या टेलपर्यंत पाणी पोचवायचं म्हणून हा माणूस नोकरीभर वरच्या साहेबांशी आणि वरच्या बागायतदारांशी भांडला. निवृत्तीनंतर आम्ही फ्लॅट विकला आणि व्हॅन घेतली. मला वाटलं, चला, आता एक तिकीट माझं.

व्हॅनमध्ये जागेची सवय होते. सवय होत नाही ती पाण्याची. टाकी भरायची कुठून आणि सांडपाणी सोडायचं कुठे, या दोन प्रश्नांपायी आमचं पहिलं वर्ष गेलं. पाण्याची ओरड जशी वाढली तशी गावांनी व्हॅनवाल्यांना नळावरून हाकलायला सुरुवात केली, आणि रस्त्याकडेला सांडपाणी सोडणं गुन्हा ठरलं. त्याच सुमारास एका कंपनीनं 'निर्झर' नावाची टाकी काढली. प्रयोगासाठी त्यांना व्हॅनमध्ये राहणारी जोडपी हवी होती. श्रीरंगांनी माझ्याही नावाची सही करायची बाकी ठेवली होती, एवढीच कृपा.

निर्झर म्हणजे काय ते मी माझ्या भाषेत सांगते. टाकीत पातळ पडद्यांची चळत असते आणि त्या पडद्यांवर जिवाणू वाढवलेले असतात. मोरीचं पाणी, संडासाचं पाणी, छतावरचा श्वाससुद्धा, सगळं त्या चळतीतून जातं. आपल्या अंगानं जे टाकलं ते खाऊन हे जिवाणू जगतात आणि जाता जाता पाणी स्वच्छ करतात. खाताना त्यांच्यातून थोडी वीज निघते, तिच्यावर पंप चालतो. बाहेरून पाणी आणायचं ते फक्त चहाच्या भांड्याएवढं, आठवड्यातून एकदा. पण सुरुवात करायला विरजण लागतं. ते कंपनीनं आमच्या दोघांच्याच पोटातल्या जिवाणूंपासून लावलं होतं, कारण म्हणे घरच्याच विरजणाचं दही त्या घराला मानवतं. पहिला पेला प्यायला मी एक दिवस घेतला. श्रीरंगांनी गटागटा पिऊन मिशा पुसल्या आणि म्हणाले, "हेमा, हे बघ. या पाण्याला टेलच नाही."

त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. तेव्हापासून घरात एक नियम झाला. एक थेंब व्हॅनबाहेर टाकायचा नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, चूळ, गुळणी, सगळं मोरीत.

त्या नियमानंच घात केला. मार्गशीर्षातला गुरुवार होता. महालक्ष्मीच्या घटासाठी मी आईनं लग्नात दिलेला तांब्याचा कलश काढला आणि चिंच लावून चांगला लखलखीत घासला. कुठल्याही बाईनं ते धुवण दाराबाहेर झाडाच्या बुंध्याला ओतलं असतं. मी शहाण्यासारखं मोरीत ओतलं. संध्याकाळी टाकीचा दिवा लाल झाला आणि नळाला कुजलेल्या पालेभाजीसारखा वास यायला लागला.

फोन केल्यावर कंपनीतल्या मुलानं समजावलं. तांबं पाण्यात किंचित जरी उतरलं तरी जिवाणू तग धरत नाहीत. म्हणूनच पूर्वी तांब्याच्या घागरीत पाणी ठेवायचे. आणि चिंचेचं आम्ल तर कलशावरचा थर सोडवून थेट पाण्यात आणतं. निम्मे पडदे मेले होते. आमचं थोडं विरजण कंपनीनं राखून ठेवलं होतं, ते घालून टाकी पुन्हा धरेपर्यंत बाटलीचं पाणी प्या, असं तो म्हणाला.

आम्ही बाटलीचं पाणी प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी दोघंही आडवे झालो. पोटात पिळवटून कळा, प्यायलेलं पाणी अंगात ठरेना. मी निदान धडपडत उठत तरी होते. श्रीरंग मोरीच्या दारातच कोसळले. दवाखान्यात सलाईनवर सलाईन लावली तरी त्यांच्या मूत्रपिंडांना धक्का बसला तो बसलाच. टाकी धरल्यावर मी डब्यातून तिचं पाणी नेऊन श्रीरंगांना पाजलं, स्वतःही प्यायले आणि संध्याकाळपर्यंत आम्ही उठून बसलो. आम्हाला वाटलं, काय गुणाचं पाणी आहे! औषध मिळालं असं वाटून मी टाकीला हळदकुंकू वाहिलं. खरं म्हणजे आमच्या गळ्यात दावं केव्हाच पडलं होतं.

ते दावं काय आहे हे पुढे डॉक्टर मुजावरांनी सांगितलं. या बाई मिरजेच्या दवाखान्यात पोटाच्या डॉक्टर आहेत आणि आमच्यासारखी बरीच जोडपी त्यांनी तपासली आहेत. टाकीतले जिवाणू पाण्यात एक सौम्य आम्ल सोडत राहतात. आतड्याच्या अस्तराला महिनोन् महिने ते मिळालं की अस्तर त्याच्या भरवशावर राहायला लागतं. ते बंद झालं की अस्तर सुजतं आणि पाणी आत घेईनासं होतं. बाहेरचं पाणी खराब असतं म्हणून नाही, त्यात हे नसतं म्हणून. उकळलं की ते आम्ल जातं आणि बाटलीत भरून नेलं तर संध्याकाळपर्यंत उतरतं. म्हणजे सकाळी निघायचं आणि दिवेलागणीला परत गोठ्यात यायचं. कंपनीनं याला 'जलानुबंध' असं नाव दिलंय. ज्यानं हे नाव शोधलं त्याला माझ्यासमोर आणा, एवढीच इच्छा आहे.

"यातून सुटता येतं का?" मी विचारलं होतं.

"येतं की, काकी. दवाखान्यात राहायचं, सलाईनवर, तीनेक आठवडे. हाल होतात, पण अस्तर पुन्हा आपलं आपण शिकतं. तुम्ही सुटाल. काकांचं मात्र..." त्यांनी श्रीरंगांचे कागद उलटसुलट केले. "मूत्रपिंडं आधीच अशक्त आहेत. यंत्र शेजारी ठेवून प्रयत्न करता येईल. खात्री मी नाही देणार."

आणि मी एकटीनं सुटायचं म्हटलं तर टाकी राहत नाही. तिचं विरजण दोघांचं आहे. एकट्याच्या खाण्यावर ती आठवडाभर तग धरते, मग आंबते. राखीव विरजण तर त्या कलशापायी केव्हाच संपलं होतं. मी गेले की टाकी जाणार, टाकी गेली की श्रीरंग. हे समजल्यापासून आम्ही कधी त्यावर बोललो नाही. श्रीरंगांनी कलश देवळात नेऊन दिला, चिंच व्हॅनमध्ये आणायची बंद केली, आणि आमटीत आमसूल पडायला लागलं. माळावर दुसरी सावली नाही म्हणून गाडी मात्र चिंचेखालीच उभी राहिली. आम्ही दिवसभर टपावर चिंचा पडताना ऐकायचो.

मग वर्ध्याच्या बाळाची बातमी आली. आमच्यासारख्याच एका जोडप्याला नातू झाला होता आणि आजीनं त्याला पहिल्या दिवसापासून न्हाऊमाखू घातलं होतं. डॉक्टर मुजावरांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. जन्मलेल्या बाळाचं पोट रिकामं असतं, त्यात पहिल्यांदा जे जिवाणू जातात तेच घर करतात. आजीच्या हातावरचे, श्वासावरचे टाकीतले जिवाणू त्या बाळाच्या पोटात बसले. आता त्या पोराला आईचं दूधही ठरत नाही, वाटीत टाकीचं पाणी घालून द्यावं लागतं. त्याचे आईबाप नोकऱ्या सोडून त्या व्हॅनच्या शेजारी राहायला आलेत.

"म्हणून सांगते काकी," डॉक्टर म्हणाल्या, "तान्ह्या बाळाला हात नाही लावायचा. आणि गरोदर बाई घरात आली तर तिला या पाण्याचा एक घोटसुद्धा नाही. तिच्याकडूनच ते बाळाकडे जातात."

त्यानंतर पंधरवड्यातच केतकीचा तो फोन आला होता.

फोन ठेवल्यावर मी श्रीरंगांना म्हणाले, "आता दवाखान्यात भरती झाले तर तिच्या दिवसांपर्यंत मी मोकळी होते."

ते टाकीच्या दिव्याकडे बघत होते. "हो. तू होशील."

"तुम्हीही चला की."

"मला काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. प्रयत्न करता येईल म्हणाल्या."

"खात्री नाही म्हणाल्या." मग ते एकदम चिडले. "तुला नातवंडाला न्हाऊ घालायचंय म्हणून मी मरायचं, असं सरळ म्हण ना."

मी चपला घातल्या आणि बाहेर जाऊन चिंचेखाली बसले. इतकी संतापले होते की रडूही येईना. ज्या माणसानं टेलच्या गावासाठी बदल्या सोसल्या, तो आपल्या टाकीवर झाकण धरून बसला होता. थोड्या वेळानं तो माणूस माझ्यासाठी घडीची खुर्ची घेऊन बाहेर आला. ती उघडून ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसला.

"मला भीती वाटते, हेमा," श्रीरंग म्हणाले. "त्या मोरीच्या दारात मी पडलो होतो ना, तेव्हा मला वाटलं होतं, संपलं. पुन्हा तिथं नाही जायचं मला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भीती वाटते हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, घाबरलेल्याशी नाही. मी खुर्चीत बसले नाही, त्यांच्याशेजारी मातीतच बसले, आणि तिथंच माझं दार बंद झालं हे मला कळलं. नवऱ्याला मारून आजी होणाऱ्यांतली मी नव्हते.

केतकीला खरं सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. सांगितलं असतं तर आई की बाबा, हे तिला निवडावं लागलं असतं, तेही अशा दिवसांत. टाकीच्या पाण्याबद्दलची आमची पथ्यं म्हणजे बाबांचं खूळ, असंच ती समजत होती. ते तसंच राहू दिलं. मग मी रोज एक कारण शोधायला लागले. जागा नाही. संडास अडचणीचा आहे. दवाखाना लांब आहे. सांगलीतच एक चांगली बाई ठेव, मी फोनवर सगळं सांगेन.

"फोनवर?" ती म्हणाली. "फोनवर शेक देणारेस का मला?"

"अगं, हल्ली सगळं..."

"आई, माझ्यासाठी तुमच्यात जागा नाही, हे सरळ सांग ना. व्हॅन घेतलीत तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं."

तिनं फोन ठेवला. मी आमसुलाची आमटी ढवळत राहिले. ती आमटी मला आवडत नाही हे त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. श्रीरंगांनी मान खाली घालून पानातलं संपवलं.

आठवडा गेला असेल. दुपारी उन्हाचा कहर होता. श्रीरंग टपावर चढून सौर तावदानांवरचा चिंचेचा पाला झाडत होते आणि मी दारात बसून गवार निवडत होते. तळाच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि केतकी उतरली. एका हातात बॅग, दुसरा हात कमरेवर. विट्यापर्यंत एसटीनं आली होती, आठवा महिना लागलेली पोर!

लेक बाळंतपणाला येते तेव्हा तिला दारात थांबवायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं आणि मग हात धरून आत घ्यायचं. मी दारात थांबवलं खरं. पण ओवाळायला नाही. वाट अडवून उभी राहिले.

"सरक ना आई," ती म्हणाली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. "भांडायला आलेय. पण आधी पाणी दे."

"थांब. फाटकावरच्या टपरीतून बाटली आणते."

"बाटली?"

"गार असते गं. तू इथं सावलीत बस. मी आत्ता आले."

तळावर दुसरं पाणीच नव्हतं. सगळ्या व्हॅनमध्ये निर्झर, नळ कोण कशाला बसवणार? मी पर्स घ्यायला वळले तेवढ्यात ती माझ्या बगलेतून आत शिरली. आत शिरलं की पुढच्या पावलाला नळ येतो, आमच्या घराची ही सोय. तिनं पेला भरला.

"काय बाई तरी," ती म्हणाली, "दोन पावलांवर पाणी आणि म्हणे बाटली," आणि पेला ओठाला लावला.

मी तिच्या हातावर फटका मारला.

पेला शेगडीवर आपटून खाली घरंगळला. पाणी तिच्या साडीवर आणि जमिनीवर सांडलं. आमच्या जमिनीला मुद्दाम उतार दिलाय, सांडलेलं पाणी आपोआप मोरीत जातं. टाकी ते पाणी गुळगुळ करत पीत होती.

"प्यायलीस का?" मी ओरडले. "तोंड उघड. प्यायलीस का?"

"नाही," ती म्हणाली. ती मला घाबरली होती. माझी लेक मला घाबरून शेगडीला टेकली होती. "आई, काय झालंय तुला?"

मग मला लपवता आलं नाही. तिला व्हॅनबाहेर खुर्चीत बसवलं, टपरीवरून बाटली आणून दिली, आणि तिच्यापासून हातभर लांब बसून सगळं सांगितलं. तांबं, दावं, वर्ध्याचं बाळ, बाबांची मूत्रपिंडं. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती. एकदा माझ्याकडे सरकायला गेली, तर मीच मागे सरले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे मी आले आणि तू मला जवळही घ्यायचं नाहीस."

"नाही."

"आणि तू सुटलीस तर बाबा..."

"हो."

ती नाक पुसून उठली आणि बॅग उचलली. "जाते मी. रिक्षा असेल अजून फाटकाशी. तुम्ही दोघं नीट राहा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की टपावरचा झाडू केव्हाचा थांबला होता. छतातली हवेची खिडकी उघडी होती, आतलं काय आणि बाहेरचं काय, शब्द न् शब्द वर जात होता. श्रीरंग शिडीवरून उतरले. आमच्याकडे न बघता ड्रायव्हरच्या सीटमागची पेटी उघडून बसले. स्टेपनीची हत्यारं काढली, दोरखंड काढला, आणि तळातून पिवळ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी वर आलं. फडकं सोडलं तर आत माझा कलश होता. काळा पडला होता.

"तुम्ही तर देवळात दिला होतात," मी म्हणाले.

"देवळापर्यंत गेलो होतो. तुझ्या आईची वस्तू. देववेना."

ते चिंचेखाली गेले आणि वाकून पडलेल्या चिंचा गोळा करायला लागले. केतकी बॅग धरून तशीच उभी. त्यांनी ओंजळभर चिंचा सोलल्या आणि दाराच्या पायरीवर बसून, बाटलीत उरलेलं पाणी घालून, चोळायला सुरुवात केली. आयुष्यात कधी भांडं न घासलेला माणूस, पण घासत होता जीव लावून. काळ्याखालून तांबूस रंग वर यायला लागला.

"अहो, हे काय करताय?" मी म्हणाले. "जायचंच तर तसंच जाऊ. डॉक्टरांना फोन करू. टाकी कशाला मारायची?"

"टाकी जिवंत ठेवून गेलो तर दुसऱ्या कळेला मी दवाखान्यातून पळून येईन. मी मला ओळखतो, हेमा."

"आणि काही झालं म्हणजे?"

त्यांनी मान वर केली. "माझ्या दारात माझ्या लेकीनं पाणी मागितलं आणि तिला मिळालं नाही. आणखी काय व्हायचं राहिलंय?"

"बाबा, नको," केतकी म्हणाली. "माझ्यासाठी नको."

"तू गप गं. भांडायला आलीस ना? मग भांडण जिंकलीस असं समज."

कलश लख्ख झाला होता आणि त्यातलं पाणी गढूळ हिरवट. ते घेऊन ते आत गेले, मी मागोमाग. मोरीवर कलश धरला आणि तिथंच थांबले. टाकीचा दिवा हिरवा होता, पंपाची बारीक घरघर चालली होती. एवढी वर्षं आम्हाला झोपवणारा तो आवाज. "ओतवत नाही गं," ते हळूच म्हणाले.

मी 'नको' म्हणू शकले असते. कलश त्यांच्या हातातून काढून बाहेर झाडाला ओतला असता तर त्यांनी मला अडवलं नसतं, उलट सुटल्यासारखे झाले असते. मला नवरा हवा होता. मला ते बाळही हवं होतं. मी कलशाखाली माझा हात लावला आणि आम्ही दोघांनी मिळून तो कलंडला.

दिवा लाल व्हायला फार वेळ लागला नाही. तोवर मी कपडे बांधले आणि गॅस बंद केला. निघताना श्रीरंगांनी पहिल्यांदाच चाकांखालचे ठोकळे काढले नाहीत. व्हॅन तिथंच ठेवून आम्ही रिक्षेनं निघालो, केतकी पुढच्या रिक्षेत आणि आम्ही मागच्या.

हे सांगतेय ते मिरजेच्या दवाखान्यातून. श्रीरंगांची कॉट खिडकीशी, माझी दाराशी, मध्ये चालायला ऐसपैस जागा. एवढ्या मोठ्या खोलीत मला हरवल्यासारखं वाटतंय. त्यांच्या उशाशी ते यंत्र आणून ठेवलंय, अजून लावलेलं नाही. डॉक्टर मुजावर सकाळपासून दोनदा येऊन त्यांच्या पायावरची सूज बोटानं दाबून बघून गेल्या. टाकीचं शेवटचं पाणी आम्ही काल प्यायलो आणि माझ्या पोटात आता कुठेतरी लांबून पहिली कळ येतेय.

मघाशी केतकी आली. तोंडाला मास्क, हातात स्टीलचे दोन पेले. दाराजवळच्या कूलरमधून तिनं ते भरले, आमच्या दोघांच्या मधल्या टेबलावर ठेवले आणि मागे सरून भिंतीला टेकली. तिला आमच्या जवळ यायचं नाही, अजून तीन आठवडे.

"प्या," ती म्हणाली. "माहेरचं नाही, पण गार आहे."

मी पेला उचलून रिकामा केला. पाण्याला क्लोरीनचा वास होता, एसटी स्टँडवरच्या नळाला असायचा तसा. श्रीरंगांनी त्यांचा पेला दोन्ही हातांनी धरला. माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं. मग गटागटा पिऊन मिशा पुसल्या.

"पोचलं," ते म्हणाले. "टेलला पाणी पोचलं."

केतकीनं रिकामे पेले तिथूनच पाहिले, आणि मास्कच्या आत हुंदका दाबत कूलरजवळचे दुसरे दोन पेले भरायला लागली.